उटणं लावा, पण डोकं वापरून!

नरकचतुर्दशीच्या पहाटे उठायचा कितीही कंटाळा आला, तरी उटण्याचा वास नाकात शिरला की झोप पळतेच, नाही का? दिवाळीच्या आधी पुण्याच्या तुळशीबागेत किंवा मंडईच्या बाजूला चक्कर मारलीत, तर हा वास तुम्हाला रस्त्यातच गाठतो. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या... काष्ठौषधींच्या दुकानात यातली एकेक वस्तू सुटी मिळते. काही घरांत अजूनही ती आणून, कुटून, वस्त्रगाळ करून उटणं बनवतात.

दिवाळी संपली तरी घरगुती उपाय संपत नाहीत. “चेहऱ्याला बेसन लाव”, “लिंबू चोळ”, “पिंपलवर टूथपेस्ट लावून झोप” असे सल्ले आजीपासून वर्गातल्या मैत्रिणीपर्यंत सगळेच देतात. यातलं कुठलं ऐकायचं आणि कुठलं सोडून द्यायचं? चला, जरा तपासून बघू.

उटणं करतं तरी काय?

अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणं, हा क्रम उगीच नाही. दिवाळीच्या सुमारास पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते आणि हातपाय पांढरट दिसायला लागतात. तेलाचा पातळ थर त्वचेतला ओलावा धरून ठेवतो. उटण्यातलं डाळीचं पीठ जास्तीचं तेल शोषून घेतं आणि त्याबरोबर मळही निघतो. पिठाच्या बारीक कणांमुळे वरच्या मृत पेशी सुटतात. आपली त्वचा खालून सतत नव्या पेशी तयार करत असते. त्या वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. या कामाला उटणं थोडा हातभार लावतं. वाळा आणि नागरमोथा मुख्यतः सुगंधासाठी असतात. बस, एवढंच! पण एवढंही कमी नाही.

हळदीच्या कागदाची गंमत

आता एक प्रयोग करा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा आणि कागद वाळवा. त्याच्या एका टोकावर अंगाच्या साबणाचं दाट पाणी टाका, दुसऱ्या टोकावर लिंबाचा रस टाका. साबणाच्या जागी पिवळा रंग लालसर झाला ना? लिंबाच्या जागी मात्र पिवळाच राहिला. शाळेत ‘नैसर्गिक दर्शक’ शिकता तो हाच. बहुतेक साबण आम्लारीधर्मी असतात.

आपल्या त्वचेचा वरचा थर मात्र किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू ५ च्या आसपास असतो आणि हेच तिचं कवच. साबणानं पुन्हा पुन्हा तोंड धुतलं की चेहरा ताणल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. खायचा सोडाही आम्लारीधर्मी. तो चेहऱ्याला चोळला तर हे कवचच बिघडतं.

मग लिंबू आम्ल आहे, म्हणजे चांगलं? छे! लिंबाच्या रसाचा सामू २ च्या जवळपास, म्हणजे त्वचेच्या मानानं फारच तीव्र. शिवाय त्यात अशी द्रव्यं असतात की रस लावून उन्हात गेलं, तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. कधीकधी फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. डाग घालवायला लिंबू लावायचं आणि नवेच डाग घेऊन यायचं, असा हा उफराटा कारभार!

टूथपेस्टही दातांसाठी बनवलेली असते. पिंपलवर लावली तर आग होते, लाली वाढते. तेरा-चौदाव्या वर्षी शरीरात संप्रेरकं वाढतात, त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त काम करू लागतात आणि पुरळ येतं. यात तुमची काही चूक नसते. दिवसातून दोनदा सौम्य साबणानं चेहरा धुवा आणि पिंपल फोडू नका. पुरळ दुखत असेल, खड्डे पडत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

हळद गेली अमेरिकेला

“पण हळद तर औषधी आहे ना?” असं तुम्ही म्हणाल. या प्रश्नावर अमेरिकेत चक्क वाद रंगला होता. मार्च १९९५ मध्ये तिथल्या एका विद्यापीठाला हळदीनं जखम भरून आणण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. त्याआधी ते पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. “आमच्या आज्या हे करतच आल्यात” एवढं सांगून भागणार नव्हतं. परिषदेनं ३२ लेखी पुरावे मांडले. त्यांत जुने संस्कृत आणि उर्दू ग्रंथ होते, तसाच १९५३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये हळदीचं पेटंट रद्द झालं.

पण नीट लक्षात घ्या. ही माहिती नवी नाही, एवढंच तिथे सिद्ध झालं. डब्यातली हळद प्रत्येक जखमेवर चालते, असं कुणी ठरवलं नाही. स्वयंपाकाच्या हळदीत धूळ किंवा भेसळीचा रंगही असू शकतो. म्हणून खरचटलं तर आधी स्वच्छ वाहत्या पाण्याखाली जखम धुवा.

आणि गोरेपणा?

कुठलंही उटणं, साय किंवा बेसन माणसाला गोरं करत नाही. त्वचेचा रंग ठरतो मेलॅनिन या रंगद्रव्यावर. ते किती तयार होणार, हे आईबाबांकडून आलेल्या गुणसूत्रांत लिहिलेलं असतं. आणि हेच मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपलं रक्षण करतं. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये निघाला. आपल्या घरातूनही तो निघायला हवा. पालकहो, “उन्हात खेळू नको, काळी होशील” हे वाक्य मुलींच्या मनात फार खोल रुतून बसतं. त्याऐवजी टोपी द्या आणि खेळायला पाठवा!

घरच्या घरी उटणं

मसूरडाळीचं बारीक पीठ ४ चमचे, नागरमोथा पूड १ चमचा, वाळ्याची पूड १ चमचा, आंबेहळद पाव चमचा. सगळं वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत भरा. लागेल तेवढंच दुधात कालवा. उरलेलं कालवण ठेवू नका, ते नासतं.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून धुवा आणि एक दिवस वाट बघा. खाज किंवा लाली आली, तर ते तुमच्यासाठी नाही. पुरळ, जखम किंवा इसब असलेल्या जागी लावू नका. अंगावर पार वाळू देऊन खरवडू नका आणि डोळ्यांपासून लांब ठेवा.

‘घरगुती’ म्हणजे आपोआप निर्धोक, असं नसतं. पुढच्या वेळी कुणी नवा उपाय सांगितला की आधी विचारा, “यानं नेमकं काय होतं?” उत्तर पटलं, तरच वाटी हातात घ्या!