मशरू आणि हिमरू : वर रेशीम, आत सूत

दरबारी पोशाखाचं कापड झळकायला हवं आणि अंगाला सोसायलाही हवं. किनखाब जड आणि जरीमुळे महाग. निव्वळ रेशीम घामानं अंगाला चिकटतं. त्यात पुरुषांनी शुद्ध रेशीम नेसू नये हा मुसलमानांचा धार्मिक दंडक. औरंगाबादच्या विणकरांनी रेशीम आणि सूत एकाच कापडात घेतलं, पण दोघांच्या जागा वेगळ्या ठेवल्या.

मशरूत ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा; बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा. रेशमाचा धागा चार-पाच, कधी सात सुती धाग्यांवरून सरळ जातो नि मग एकाखाली बुडी मारतो. असे लांब धागे लगोलग पडले की उजेड एकसारखा परततो आणि कापड चकाकतं. सूत उलट्या बाजूला राहून घाम टिपतं. रंग ताण्यातच भरलेले, म्हणून मशरूवर उभे पट्टे सहज उतरतात.

हिमरूत सुती जमिनीवर रेशमाचा जादा बाणा घालून वेलबुट्टी काढतात. नक्षीत जिथं तो लागत नाही तिथं धागा मागं मोकळा सुटतो. त्या थरामुळे कापड मऊ, ऊबदार होतं. पूर्वी नक्षी दोऱ्यांच्या जाल्यात बांधलेली असे. मदतनीस दोऱ्या ओढी, विणकर धोटा फेकी.

मुहंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हे कसब इथं आलं, असं परंपरा सांगते. १७२४ मध्ये वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याची लढाई निजामानं जिंकली आणि अचलपूरपासून औरंगाबादपर्यंतचा मुलूख एका दरबाराखाली आला. १७६३ मध्ये निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली, तरी हिमरूच्या शेरवान्यांना मागणी राहिली. १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं आणि मोठं गिऱ्हाईक गेलं. मग यंत्रमाग आला, रेशमाच्या जागी कृत्रिम धागा आला. मशरू आज मुख्यतः गुजरातेत, पाटणकडे विणतात. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरूची शाल वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांवर तगून आहे.

शाल घेताना ती उलटी करून बघा. छापील नक्कल मागून कोरीच असते. खऱ्या हिमरूच्या पाठीवर मात्र रेशमाचे सुटे धागे दिसतात, आणि विणकराचं निम्मं काम तिथंच असतं.