तोंडपाठ आणि बायिपाठ

मराठीत आपण ‘तोंडपाठ’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘बायिपाठ’. बायि म्हणजे तोंडच. दोन्ही भाषांनी पाठांतराची जागा तोंडात ठरवली आहे. तरीही आपल्या घरांतल्या मुली गौरीच्या हळदीकुंकवाला गाणे म्हणायला उभ्या राहतात त्या हातात वही घेऊनच.

गेल्या वर्षी आमच्याकडेही तसेच झाले. सासूबाई धारवाडकडच्या. लेक त्यांना अज्जी म्हणते. अज्जींना पुरंदरदासांची वीस पदे येतात, पण लिहिलेले एकही नाही. लेकीने त्यातले एक देवनागरीत उतरवून घेतले, चार दिवस घोकले आणि बायकांसमोर उभी राहिली. दुसऱ्या कडव्यात देवाकडे मागणे होते. तिथे तिने ‘को’ लांबवला आणि अज्जी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. कन्नडमध्ये ‘कोडु’तला ओ ऱ्हस्व असला तर अर्थ ‘दे’, दीर्घ असला तर ‘शिंग’! आपण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो, कारण ऱ्हस्व ए-ओला आपल्याकडे वेगळी खूण नाही. पोर गोंधळली, तिसरे कडवे आठवेना, वहीत ओळ सापडेना. गाणे तिथेच थांबले. रात्री म्हणाली, ‘‘मी कन्नड गाणं परत म्हणणारच नाही.’’

मला भीती वाटली ती या वाक्याची. अज्जी आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांची पदे घ्यायला घरात दुसरे कोणी नाही. मी स्वतः वीस वर्षे नुसती ऐकत आले.

समजूत घालून यंदा पुन्हा तेच पद घेतले, पण वही कपाटात ठेवली. आधी अज्जी अर्थ सांगायच्या, मग एकेक ओळ म्हणायच्या, लेक मागून म्हणायची. रोज एकच कडवे. दुसऱ्या दिवशी नवे घेण्याआधी कालचे तिने एकटीने म्हणून दाखवायचे. बरोबरीने म्हटले की सगळे येते असे वाटते, एकटीने तोंड उघडले की कळते! मी चपात्या लाटता लाटता तिला मधलेच कडवे म्हणायला सांगे. नाहीतर अडले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि बायकांसमोर ते जमत नाही.

खरी गंमत अज्जींनी सांगितलेल्या खुणेत होती. आपल्या मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाच्या शेवटी. त्यामुळे मराठी कान शेवटाची वाट पाहतो. कन्नड पदात प्रास बहुतेकदा ओळीच्या दुसऱ्या अक्षरावर असतो. एका ओळीच्या पहिल्या शब्दात दुसरे अक्षर ‘र’ असेल, तर पुढच्या ओळीतही तिथे ‘र’च. म्हणजे अडलेल्या माणसाला धागा ओळीच्या सुरुवातीलाच सापडतो. इतकी वर्षे ऐकून हे माझ्या लक्षात आले नव्हते! शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा आली की पद संपत आले, हे मात्र ‘तुका म्हणे’ची सवय असलेल्यांना सांगावे लागत नाही.

गदगचे पं. भीमसेन जोशी (१९२२-२०११) मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही तितक्याच आपलेपणाने गायले. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात. त्यांच्यापुढे आमची गोष्ट ती काय! पण शिकण्याची वाट कानाचीच.

गौरीच्या आधीच्या रविवारी लेक शेजारच्या दोन काकूंसमोर उभी राहून म्हणत होती, अज्जी साथ देत होत्या. तिसऱ्या कडव्यावर अडल्या त्या अज्जीच. लेक हळूच म्हणाली, ‘‘अज्जी, दुसरं अक्षर ‘र’.’’ क्षणभर ओठ हलले. ‘‘हां, बंत नोड!’’ म्हणत त्यांनी ओळ उचलली.

हळदीकुंकवाला लेक वहीशिवाय गायली. आता दुसरे पद चालू आहे. अजून अठरा आहेत.