शेळ्यांसाठी चराऊ जमीन घेताना

गटातून शेळ्या घेतल्या, आता चराईला थोडी पड जमीन घ्यावी, असं आमच्या बैठकांत नेहमी निघतं. घ्या, पण इसार देण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, ताजा सातबारा. त्यावर ‘गायरान’ दिसलं की तिथंच थांबा. गायरान सरकारी मालकीचं, गावच्या गुरांसाठी राखलेलं. कुणी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, तरी ते आपलं होत नाही. पैसे मात्र जातात.

दुसरी, ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर सरकारी परवानगी लागते. ‘इतर हक्कां’त कर्जाचा बोजा किंवा बहिणींची नावं आहेत का, तेही वाचून घ्या.

तिसरी, नाव. आपल्याकडे शेतजमीन घेणारा शेतकरीच असावा लागतो. म्हणून गटाचे पैसे घालून एकीच्या नावावर जमीन घेतली जाते. पण कागदावर जिचं नाव, मालकीण तीच. उद्या बाकीच्यांनी काय दाखवायचं?

चौथी, जमीन वैशाखात बघा. श्रावणात माळही हिरवा दिसतो. उन्हाळ्यात पाणी कुठं, शेळ्या न्यायला वाट कुणाच्या बांधावरून, हे तेव्हाच कळतं.

खरेदीखत नोंदवल्यावर फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत तलाठी कार्यालयाचा पाठपुरावा सोडू नका.