चारास दोन म्हणजे निम्मं नाही

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने कोरडवाहू शेतीसाठी सांगितलेली आंतरपिकाची एक पद्धत जिल्ह्यात गावोगाव माहीत आहे: सोयाबीन आणि तूर, ४:२. चार तास सोयाबीनचे, मग दोन तुरीचे, पुन्हा चार, पुन्हा दोन. जिंतूरच्या किंवा पालमच्या एखाद्या शाळेत सहावीच्या वर्गाला विचारून पाहा, की अशा शेताच्या किती भागात तूर आहे. बरीच मुलं बेधडक सांगतील, ‘निम्म्या’. दोन हे चाराच्या निम्मे, एवढं त्यांचं बरोबर आहे. पण प्रश्न शेताचा होता, सोयाबीनचा नव्हता. ओळींतलं अंतर सारखं धरलं तर सहा ओळींत दोन तुरीच्या, म्हणजे तिसरा हिस्सा. तीन एकरांत तूर एक एकर.

गुणोत्तराच्या धड्यात मुलं अडतात ती बहुतेक इथेच. ४:२ या लिखाणात शेत कुठेच नसतं. ते बेरीज करून आपल्याला उभं करावं लागतं. सिमेंट आणि वाळू १:४ म्हटलं की गवंड्याच्या हाताखालचा मुलगा पाच पाट्यांत एक सिमेंटची हे न सांगता ओळखतो. तोच मुलगा वर्गात मात्र ‘एक चतुर्थांश सिमेंट’ लिहून मोकळा होतो.

पुस्तक पुढे सांगतं की ४:२ चं संक्षिप्त रूप २:१. तेही खरं. दोन ओळी सोयाबीन आणि एक तूर पेरली तरी तुरीचा हिस्सा तिसराच राहतो. मग शिफारशीत ४:२ असं का लिहितात? कारण तुरीचे दोन तास शेजारीशेजारी हवेत आणि सोयाबीनचे चार सलग. सोयाबीन साडेतीन महिन्यांत निघालं की तुरीला बाजूला भरपूर मोकळी जागा मिळते. गुणोत्तर हिस्सा सांगतं, मांडणी सांगत नाही. शेतकऱ्याच्या घरातलं एखादं पोर ‘सर, दोन्ही एकच कसं?’ म्हणून अडून बसलं, तर त्याला गप्प करू नये. त्याचा प्रश्न रास्त आहे.

<b>‘दोन्हीकडे सारखंच वाढवलं की गुणोत्तर तेच’</b>

याची परीक्षा त्याच शेतात होते. चारात दोन ओळी मिळवल्या, दोनातही दोन मिळवल्या, झालं ६:४. आता दहा ओळींत चार तुरीच्या. तिसरा हिस्सा होता, तो पाचात दोन झाला. सोयाबीन दुप्पट केलं तर तूरही दुप्पट करावी लागते: ८:४. गुणोत्तर पटीने चालतं, भर घालून चालत नाही. नकाशाच्या प्रमाणातल्या चुका वेगळ्या दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा ही पट विसरल्यानेच होतात.

<b>‘१:५०,००० म्हणजे एका सेंटिमीटरला पन्नास हजार किलोमीटर’</b>

पृथ्वीचा परीघच चाळीस हजार किलोमीटर आहे, तेव्हा या हिशेबाने सगळी पृथ्वी एका सेंटिमीटरच्या आत मावेल. अंकप्रमाणात दोन्हीकडे एकच एकक असतं. नकाशावर १ सेमी तर जमिनीवर ५०,००० सेमी, म्हणजे ५०० मीटर. नकाशावर एक इंच तर जमिनीवर ५०,००० इंच. एककच नसल्यामुळे हे प्रमाण कुठल्याही पट्टीला चालतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पूर्वीचे नकाशे एका इंचाला एक मैल असे असत. त्यांचं अंकप्रमाण १:६३,३६०, कारण मैलात तेवढे इंच असतात. पुढे मेट्रिक मापं आली आणि १:५०,००० रूढ झालं.

परभणी ते गंगाखेड सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटर आहे. १:५०,००० च्या नकाशावर हे अंतर ६६ सेंटिमीटर भरतं. एका शीटमध्ये उत्तर-दक्षिण पंधरा मिनिटांचा अक्षांश, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस किलोमीटर मावतात. त्यामुळे शीटला शीट जोडावी लागते. १:२,५०,००० वर हेच अंतर १३ सेंटिमीटरच्या आसपास येतं. एसटीने गेलात तर मात्र चाळीसेक किलोमीटर पडतात. म्हणून प्रमाण चुकलं असं होत नाही. पट्टी वळणं मोजत नाही, एवढंच. रस्ता मोजायचा तर वळणांवरून दोरा फिरवावा आणि मग तो ताणून पट्टीला लावावा. गोदावरीसाठी तर दोऱ्याशिवाय गत्यंतरच नाही.

<b>‘आकडा मोठा, तर प्रमाण मोठं’</b>

उलट आहे. १:१,००० हे बृहत् प्रमाण, १:५,००,००० हे लघुप्रमाण. एक हजारांश हा पाच लाखांशापेक्षा मोठा, इतकं साधं. कागदाच्या आकाराचा इथे संबंध नाही. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार असतं आणि प्रत्येक जिल्ह्याला तेवढ्याच मापाच्या पानात बसवावं लागतं. अहिल्यानगर जिल्हा परभणीच्या अडीच पटींहून मोठा, पण पानावर दोघंही सारख्याच रुबाबात दिसतील. नजर आधी कोपऱ्यातल्या प्रमाणाकडे जायला हवी.

<b>‘प्रमाण कळलं की क्षेत्रफळ कळलंच’</b>

खरी फसगत इथे होते, आणि ती मुलांचीच होते असं नाही. १:१,००० च्या नकाशावर १ सेमी म्हणजे १० मीटर. मग एक चौरस सेंटिमीटर म्हणजे १० चौरस मीटर? नाही. तो चौकोन जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. सातबाऱ्यावर हे.आर. मध्ये क्षेत्र लिहितात त्यातला हा बरोबर एक आर. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोही जवळजवळ एवढाच. आता नकाशा १:२,००० चा घ्या. तोच चौरस सेंटिमीटर २० मीटर बाजूचा होतो आणि दोन नव्हे, चार आर भरतो. लांबीची पट दोन, तर क्षेत्राची दोन गुणिले दोन.

झेरॉक्सच्या दुकानात याची मोठी गंमत होते. १:१,००० चा नकाशा ए-फोर कागदावर आहे, बारीक दिसतो म्हणून कोणी तो ए-थ्रीवर वाढवून घेतो. यंत्र प्रत्येक लांबी १४१ टक्के करतं. एक हेक्टरचा चौरस तुकडा आधी १० सेमी बाजूचा होता, आता सुमारे १४.१ सेमी बाजूचा झाला, आणि त्यातले शंभर चौरस सेंटिमीटर दोनशे झाले. कोपऱ्यात मात्र अजून ‘१:१,०००’ असंच छापलेलं. ते खरं मानून मोजलं तर एका हेक्टरचे दोन हेक्टर होतात! त्या प्रतीचं प्रमाण आता सुमारे १:७०७ आहे, आणि तसं त्यावर कुठेही लिहिलेलं नाही. नकाशावर रेषाप्रमाण असेल तर ही अडचण येत नाही, कारण नकाशाबरोबर ती रेषाही तेवढीच वाढते. मोबाइलवरच्या नकाशात कोपऱ्यात छोटी रेषाच असते, ती याचसाठी. दोन बोटांनी नकाशा ताणला की तिथला आकडा बदलतो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या गावनकाशाच्या फोटोत रेषाप्रमाण नसेल, तर स्क्रीनला पट्टी लावण्यात अर्थ नाही.

<b>‘नकाशावर दिसतं ते सगळं मापात असतं’</b>

१:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. त्या नकाशावर रस्ता मिलिमीटरभर जाड छापला असेल, तर मापाने तो पन्नास मीटर रुंद ठरतो. रस्ता, विहीर, देऊळ ही चिन्हं असतात. त्यांची जागा पाहायची, जाडी मोजायची नाही. हद्दीची रेषाही तशीच. १:५,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर व्यापते. बांध शंभर मीटर लांब असेल, तर एका रेघेच्या जाडीत अडीचशे चौरस मीटर, जवळपास अडीच गुंठे जमीन बसते. भाऊबंदकीत याहून कमी जमिनीवर पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. म्हणून बांधाचा वाद घरी पट्टी लावून मिटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो, आणि भूकरमापक शेतात येऊन, लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन हद्द दाखवतो.