सेंट्रिफ्युगलचा डोळा आणि फडातला ऊस



कामरगावच्या गट बैठकीत एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, "साहेब, मुठीएवढ्या डबीपायी माहा ऊस दोन दिवस गाडीतच वाळला. असं काय हाये तिच्यात?" प्रश्न रास्त आहे. मी शेतकी खात्याचा माणूस. पण इंजिनीअरिंग खात्यात बसून जे समजून घेतले, ते येथे देतो.

त्या डबीला एनकोडर म्हणतात. ती सेंट्रिफ्युगलच्या मोटारीच्या दांड्यावर बसवलेली असते. सेंट्रिफ्युगल म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी वेगळी करणारे फिरते पिंप. एकाच खेपेत त्याचा वेग सारखा बदलतो. भरताना मिनिटाला साधारण २०० फेरे, मळी उडवताना १००० ते १२००, आणि साखर खरवडताना अवघे ५० च्या आसपास. वेग उतरण्याआधीच खरवडणारे पाते आत गेले, तर पाते आणि जाळी दोन्ही जातील. म्हणून वेग अचूक कळलाच पाहिजे.

तो कसा कळतो? अंधारात बैलगाडीच्या चाकामागे कंदील धरा आणि चाक फिरवा. प्रत्येक आरा आडवा आला की उजेड झाकतो, पुढे गेला की दिसतो. किती वेळा लुकलुकले ते मोजले, की चाक किती फिरले ते समजते. एनकोडरमध्ये हेच आहे. आऱ्यांच्या जागी बारीक रेघांची तबकडी, कंदिलाच्या जागी छोटा दिवा आणि आपल्या डोळ्याच्या जागी प्रकाश टिपणारा पुर्जा. तबकडीवर १०२४ रेघा असतील, तर १२०० फेऱ्यांच्या वेगाला सेकंदाला २०,४८० ठोके मिळतात. असे दोन 'डोळे' किंचित मागेपुढे बसवतात. आधी कोणता लुकलुकला, यावरून फिरण्याची दिशा कळते.

हे यंत्र नाजूक आहे. वाफेचा ओलावा, साखरेची धूळ किंवा तेल तबकडीवर बसले, जोडणी ढिली झाली, की ठोके चुकतात. मग नुकसान टाळण्यासाठी यंत्र आपणहून थांबते. सेंट्रिफ्युगल थांबले की पॅन रिकामे होत नाहीत, रस तुंबतो आणि शेवटी गव्हाण मंद करावी लागते. गाड्या उभ्या राहतात त्या अशा. म्हणून हंगामाआधी सफाई, तपासणी आणि एक शिलकी एनकोडर यावरचा खर्च उधळपट्टी समजू नये.

आपल्या हातचे तेवढे आपण करू. तोडलेला ऊस जितका ताटकळतो तितके वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणून तोडचिठ्ठीशिवाय कोयता लावू नका. 'तोड थांबवा' असा गट कार्यालयाचा निरोप आला, तर टोळीला तिथेच थांबवा. उभा ऊस चार दिवस तग धरतो, तोडलेला धरत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी