आधी कोठार, मग व्यासपीठ
(मंडळी आणि पाळक : लेखांक पाचवा)

ख्रिस्ती मंडळी अजून नवी होती, तेव्हाच तिच्यात कुरकुर सुरू झाली, आणि ती जेवणावरून झाली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तिची हकीकत आहे. यरुशलेमेतल्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटलं जाई. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी तक्रार केली की इथल्या मूळच्या बायांना मिळतं, आमच्या विधवा मात्र राहून जातात. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. वाढप आपल्या हातातही घेतलं नाही. त्यांनी लोकांनाच सात विश्वासू माणसं निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प आणि आणखी पाच जण. सातही नावं ग्रीक. ज्यांच्या घरच्या बाया उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांकडे कोठार सोपवलं गेलं.

पाळकाच्या कामाबद्दल माझं जे म्हणणं आहे, ते सगळं या हकीकतीत आहे. माणसांची काळजी हे मंडळीचं पहिलं काम आणि उपदेशाला बळ तिथूनच येतं. पण ज्याची काळजी घेतली, त्याच्या हाती पुढे काम आणि अधिकार गेला नाही, तर ती काळजी उपकार होऊन बसते. उपकाराखाली दबलेली माणसं पाळकाला मान देतील. त्याची चूक दाखवून द्यायला मात्र कुणी उठणार नाही.

महाराष्ट्रात हे कसं घडलं ते पाहू. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. मुंबई इलाख्यात राहणाऱ्या बाईंना इतक्या दूर यायला लावणारी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होती. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण अन्नावाचून गेले होते. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. या खेपेला त्यांनी सुमारे 300 मुली आणि स्त्रिया आपल्याबरोबर नेल्या. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात आधी अन्न, औषध आणि निवारा आला, मग शाळा, शेती, विणकाम, छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते त्यांच्या निधनानंतर 1924 साली तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि छपाईच्या कामात तिथल्याच मुली आणि स्त्रिया होत्या. दुष्काळात उचलून आणलेल्यांच्या हाती धर्मग्रंथाची छपाई सोपवणं, हे मला रमाबाईंच्या नेतृत्वातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या काळाच्या जवळचं आहे आणि त्यावर जास्त थांबायला हवं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला शिकलं. नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच दुखण्यानं परत येतात. दुखणं गावातल्या पाण्यात आणि रिकाम्या भांड्यांत होतं, त्याला दवाखान्यातलं औषध पुरणार नव्हतं. 1970 साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावकऱ्यांना आधी काय हवंय, हे त्यांनी विचारलं. उत्तर आलं, अन्न आणि पाणी. दोन डॉक्टरांनी ते मान्य केलं आणि दवाखान्याआधी त्याच्या मागे लागले. दुष्काळात बोअर घेताना हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. पाणी हवं असेल तर इतरांनी त्या वस्तीत यावं, ही त्यामागची योजना.

मग गावांनीच आपापली एकेक बाई आरोग्याच्या कामासाठी निवडली. यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग हे सगळं त्या शिकल्या आणि गावोगाव करू लागल्या. डॉक्टर मागे सरकले. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आर्वी तालुक्यातल्या खेड्यात घरोघर फिरणारी आशा ताई 2005 नंतरच्या सरकारी योजनेतून आली. त्या योजनेच्या पूर्वसुरींमध्ये जामखेडचं नाव घेतलं जातं.

जामखेडच्या कामात धर्मांतराची अट नव्हती. हे इथं स्पष्ट सांगणं गरजेचं आहे, कारण ख्रिस्ती सेवेकडे संशयानं पाहणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या संशयाला शब्दांनी उत्तर देता येत नाही. धान्य देताना उपासनेला येण्याची अपेक्षा मनात असेल, तर ती घेणाऱ्याला न बोलता कळते. शेजारच्या घरात चूल पेटली नसेल, तर ते घर कोणत्या धर्माचं हे विचारायचं नाही. दिलेल्याची आठवणही पुढे कधी करून द्यायची नाही. यात सूट घेणारा पाळक सुवार्तेचंच नुकसान करतो, असं मला ठामपणे वाटतं.

आता आर्वीकडे वळू. इथली मंडळी लहान आहे. ही उणीव समजली जाते, पण काळजीच्या कामात ती मोठी सोय आहे. पाळकाला प्रत्येक घर ठाऊक असू शकतं. रविवारची उपासना दीड-दोन तासांची, उरलेला आठवडा घरभेटींचा. त्या भेटींचं वेळापत्रक कोरडवाहू वावरानं ठरवावं. मृगाआधी बियाण्याची उधारी होते. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की बाया दिवसभर पऱ्हाटीत असतात, तेव्हा भेट संध्याकाळीच. मार्चअखेर पीककर्जाची फेड येते. त्या आठवड्यात घरचा कर्ता अबोल झाला असेल, तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायलाच हवं. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. कशामुळे, हे आर्वीकरांना सांगायला नको.

कर्ता गेलेल्या घरी सांत्वनाइतकीच कागदांची गरज असते. शेतकऱ्यानं आत्महत्या केली असेल, तर सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र ठरावं लागतं. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सोसायटीचं की परवाना असलेल्या सावकाराचं, हे सगळं तपासलं जातं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसिलीत वेगळा. इथं पाळकानं स्वतः सोबत जाण्यापेक्षा, ज्या बाईनं हा अर्ज आधी भरलाय तिला सोबत पाठवावं. रांग कुठं असते, कोणता दाखला अडतो, हे तिला पाळकापेक्षा नीट माहीत असतं. आणि कालपर्यंत मदत घेणारी ती आज मंडळीत कुणाचा तरी आधार होते.

सेवाग्रामच्या दवाखान्यात कुणी भरती असेल तर तसंच. प्रार्थना पाळकानं करावी. रात्री रुग्णाजवळ कोण बसेल, डबा कोण नेईल, घरची गुरं कोण पाहील, जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड कोण पोचवेल, याची वाटणी महिला मंडळानं करावी. सगळं एकट्यानं ओढणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो यानं हेच सांगितलं होतं, की तू थकशील आणि लोकही थकतील. दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसं नेम.

एक गोष्ट लहान गावात फार जपावी लागते. घरभेटीत ऐकलेलं दुःख रविवारी प्रार्थनेची विनंती म्हणून नावानिशी सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण सोमवारी ते बाजारात पोचतं आणि त्या घराचं दार पाळकाला पुन्हा मनापासून उघडत नाही. कर्ज, दारू, नवराबायकोतला तंटा, मुलीचं मोडलेलं लग्न, यांतलं काहीही घरच्यांनी होकार दिल्याशिवाय व्यासपीठावरून बोलू नये.

मदतीचा निधी कुणाकडे असावा, याचं उत्तर यरुशलेमेतल्या त्या सात जणांत आहे. बहुतेक मंडळ्यांत तो नोकरदार, सुस्थितीतल्या वडील मंडळींकडे असतो. निधी सांभाळणाऱ्यांत निदान दोन जागा अशा घरांतल्या माणसांना द्याव्यात ज्यांनी कधी तरी हा निधी घेतलेला आहे, आणि त्यांतली एक बाईला. सुरुवातीला हिशोब चुकेल, तर शिकवावं. कोणत्या घरात मागायची लाज वाटते आणि कोणत्या घरात न मागता धान्य पोचवावं लागतं, हे त्या दोघांना सांगावं लागणार नाही.

(पुढील लेखांकात : मदतनिधीचा जमाखर्च मंडळीपुढे कसा मांडावा)