दीड मिनिटाचं विमान

पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगली की उतरवली. किती वेळ लागतो? फार तर मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात एका गावाहून निघालेलं विमान दुसऱ्या गावी उतरलंसुद्धा, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, 'काहीतरीच काय!' पण हे अगदी खरं आहे, बरं का.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांमधलं अंतर अवघं 2.7 किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीही याहून लांब आहे! इथली विमानसेवा 1967 साली लोगनएअर कंपनीने सुरू केली. वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटं दिलेली असतात. प्रत्यक्षात दीड मिनिटात काम होतं आणि वारा पाठीशी असला तर त्याहूनही लवकर. आजवरचा विक्रम आहे 53 सेकंदांचा. नियमित प्रवासी विमानांमध्ये जगातलं सगळ्यात छोटं उड्डाण ते हेच.

मग एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला? तर हे विमान म्हणजे आपली एसटीच समजा. कर्कवॉल हे ऑर्कनीतलं मोठं गाव. तिथून विमान निघतं, वाटेत एका बेटावर थांबतं, माणसं उतरवतं-चढवतं आणि पुढच्या बेटावर जातं. दीड मिनिटाचं उड्डाण म्हणजे या फेरीतला एक छोटासा टप्पा. विमानही चिमुकलंच, आठ प्रवाशांचं. एखाद्याला तर थेट वैमानिकाच्या शेजारी बसायला मिळतं.

हौसेने येणारे पर्यटक या उड्डाणाचं प्रमाणपत्र घेऊन मिरवतात. पण बेटावरच्या बायकांना त्याचं काय कौतुक! 2011 च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेची लोकसंख्या होती फक्त 90. एवढ्याशा वस्तीत सगळ्या सोयी कुठून असणार? म्हणून डॉक्टर येतात ते विमानाने, फिरते शिक्षक येतात ते विमानाने, आणि मोठ्या दवाखान्यात जायचं तेही विमानानेच. दोन बेटांमध्ये बोटही आहे. तिला पंचवीसेक मिनिटं लागतात, पण हिवाळ्यात तिथला समुद्र फार खवळलेला असतो.

2016 साली या विमानसेवेने दहा लाख प्रवाशांचा टप्पा गाठला. तो मान कुणाला मिळाला ठाऊक आहे? बँकेत काम करणाऱ्या एका बाईंना! बेटाबेटांवर जाऊन लोकांचे बँकेचे व्यवहार करणं हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांनी दहा हजारांहून जास्त वेळा विमानप्रवास केला होता. आपण डबा घेऊन सातची गाडी पकडतो ना, तसंच!

आठ माणसांच्या विमानात नफा तो कितीसा सुटणार? म्हणून ही सेवा सरकारी मदतीवर चालते. नव्वद माणसांच्या गावासाठी एवढा खर्च कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आजारी बाळाला कडेवर घेऊन धावपट्टीशी उभ्या असलेल्या आईला विचारा. शेवटची एसटी चुकल्यावर तालुक्याचा दवाखाना किती लांब वाटतो, हे आपल्याला काय वेगळं सांगायला हवं?